सोलापुरात स्वस्तातलं घर घेताना

दर दिवाळीत पुण्याहून आलेला कुणीतरी भाचा, मेहुणा नाहीतर शाळेतला दोस्त मला गाठतो. आवाज जरा खाली आणून विचारतो, "दहा लाखांच्या आत एखादं घर आहे का बघण्यात? भाड्यानं देऊ, किंमत वाढली की काढून टाकू." पुण्यात एवढ्या पैशात धड एक खोली येत नाही. त्यामुळे बाळीवेशीच्या मागं किंवा जोडबसवण्णा चौकाच्या पलीकडं याच भावात अख्खं घर जमिनीसकट मिळतं हे कळलं, की माणसाची झोप उडते. माझीही उडाली होती. त्या भरातच मी पहिलं घर घेतलं. काय झालं ते पुढं सांगतो, कारण या लेखातला अर्धा शहाणपणा त्या घरानं दिलेला आहे.

आधी शहराची नाडी. सोलापूर ओस पडलेलं नाही. 2001 च्या जनगणनेत इथं 8,72,478 माणसं होती, 2011 मध्ये 9,51,558. म्हणजे दहा वर्षांत वाढ नऊ टक्के. त्याच काळात अख्खा महाराष्ट्र सोळा टक्क्यांच्या आसपास वाढला. गिरण्या एकेक करून थंड झाल्या, लक्ष्मी-विष्णूसुद्धा 1990 च्या दशकात बंद पडली. चादर आणि टॉवेल टिकले, पण मागावरची मिळकत गिरणीच्या पगारासारखी नाही. शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. भाडं वेळेवर देणारा आणि घर विकत घेऊ शकणारा पगारदारच इथून उठला. घरं मात्र जागच्या जागी आहेत.

म्हणून इथलं घर स्वस्त दिसलं की मी एकच प्रश्न विचारतो: या किमतीतून काय वजा केलंय? बहुतेक वेळा एक सही, एक नळ किंवा आत बसलेला एक माणूस. वजा काय आहे ते सापडेपर्यंत पुढं जायचं नाही. सापडलं की ते भरून काढायला किती लागेल ते मोजायचं. बाकी सगळी पावलं या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीच आहेत.

पहिलं पाऊल: कुठल्या जातीचं स्वस्त?

एजंट सगळ्याला "स्वस्तातलं घर" म्हणतो. त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

एक, पेठेतलं जुनं घर. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, कसबा या बाजूला दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे तुळयांवर घातलेलं मातीचं सपाट छप्पर. हे अजून खणावर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेवर मोजतात, "पाच खणांचं घर" असं. माळवदाची एक खोड नवख्याला कळत नाही. गळती लागली की वर मातीचा नवा थर टाकतात, चार वर्षांनी आणखी एक. माती वाढत जाते, तुळया मात्र आजोबांच्या काळातल्याच. खाली उभं राहून वर बघितलं तर सागवान चकचकीत दिसतं. तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मी एकदा टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मालक म्हणाले, "तेवढंच हाय ओ, बाकी लोखंड हाय लोखंड."

दोन, पूर्व भागातलं मागाचं घर. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याखाली माग. माग भंगारात गेले की शहाबादी फरशीत बोल्टांची भोकं आणि तेल मुरलेले काळे पट्टे राहतात. ते तेल कशानं निघत नाही, फरशीच बदलावी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारी माग चालू आहेत का. सुट्टीच्या दिवशी घर दाखवलं तर गल्ली देवळासारखी शांत असते. कामाच्या दिवशी अकरा वाजता जा, सामाईक भिंतीवर तळहात ठेवा. भिंत थरथरत असेल तर त्या खोलीत पगारदार भाडेकरू टिकत नाही, आणि नवा गिलावाही टिकत नाही.

तीन, हद्दवाढ भागातला गुंठा-दीड गुंठा आणि त्यावरचं बांधकाम. 1992 च्या हद्दवाढीत आजूबाजूची गावं महापालिकेत आली. शेतं मात्र तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, त्यातली बरीच नुसत्या स्टॅम्प पेपरवर. घर नवं, स्लॅबचं, दिसायला सगळ्यात चांगलं. कागद सगळ्यात वाईट.

चार, योजनेतलं घर. कुंभारीला आधी विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली, नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. अशा घरावर कुणी "नोटरी करून देतो" म्हणालं तर चहा पिऊन उठा. लाभार्थ्याला अनुदानावर मिळालेलं घर आहे, त्याच्या विक्रीवर अटी असतात, नोटरीनं त्या अटी उडत नाहीत. शिवाय ते घर ज्या बाईनं आयुष्यभर विड्या वळून मिळवलं, तिची अडचण गाठून ते घेणं मला पटतही नाही. या प्रकल्पांचा आपल्या हिशेबाशी दुसराही संबंध आहे. पूर्व भागात एका खोलीत भाड्यानं राहणारी कुटुंबं स्वतःच्या घरात गेली की त्या खोल्या रिकाम्या होतात. तुम्ही विकत घ्यायला निघालेली खोली त्यातलीच असू शकते.

जुन्या अपार्टमेंटमधले फ्लॅटही असतात. सोसायटी नोंदलेली नसेल आणि वर टाकी गळत असेल तर त्यांना हातच लावू नका, एवढंच.

दुसरं पाऊल: पाणी यायच्या दिवशी जा

उजनी धरण जिल्ह्यातच आहे, पण शहरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येतं, उन्हाळ्यात कधी त्याहूनही लांबतं. सोलापूरकर आठवड्याचे वार पाण्यावर मोजतो. घर बघायला येणारे मात्र रविवारी सकाळी गाडी काढून येतात आणि नळाकडं बघतही नाहीत.

गल्लीत चौकशी करून पाण्याचा दिवस काढा आणि पाणी यायच्या आधी अर्धा तास तिथं जाऊन उभे राहा. मागं एकदा एका दोस्तासाठी अशोक चौकाच्या बाजूला मी असाच थांबलो होतो. आधी सगळी दारं उघडली. मग नळाला मोटारी लागल्या, एकीचा आवाज सुरू झाला की दुसरी, तिसरी. गल्लीच्या तोंडाच्या घरात हौद भरून पाणी उंबऱ्यावर आलं, आणि आम्ही घ्यायला निघालेलं शेवटचं घर? तिथल्या नळातून फुस्स करून हवा आली, मग करंगळीएवढी धार. समोरच्या अक्का घागर कमरेवर घेऊन म्हणाल्या, "त्या घराला पाणी चढतच नाही ओ. म्हणून तर इकालेत." एजंटानं दोन महिने जे सांगितलं नव्हतं ते अक्कांनी एका वाक्यात सांगितलं.

हौद आहे का, किती खोल, गळतो का, हे पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बघितलेलं बरं. रात्रीत पातळी चार बोटं उतरली असेल तर हौदाला चीर आहे. बोअर असेल तर मे महिन्यात चालू असते का, ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको.

त्याच फेरीत ड्रेनेज, रस्त्याची उंची आणि भिंतींच्या चिरा बघून घ्या. रस्ता दरवेळी वर उचलत जातो, उंबरा खाली जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसात गटाराचं पाणी घरात. शहराच्या कडेला काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, पैसा आत जाईल अशी चीर दिसली तर पाया हललाय. केसासारख्या बारीक चिरा गिलाव्याच्या असतात, त्यांना घाबरू नका.

तिसरं पाऊल: कागद. इथं घाई करणारा बुडतो

महापालिकेचा घरपट्टीचा उतारा दाखवून "हे बघा, घर माझ्या नावावर" असं सांगणारे रोज भेटतात. घरपट्टी कर भरण्यासाठी असते, तिच्यानं मालकी सिद्ध होत नाही. लाईट बिलानं तर नाहीच.

जुन्या शहरात मूळ कागद म्हणजे सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ते विकणाऱ्याकडून घेऊ नका, नगर भूमापन कार्यालयातून किंवा ऑनलाइन स्वतः काढा. त्यावर बहुतेक वेळा वारलेल्या आजोबांचं नाव असतं. हरकत नाही, पण मग आजोबांपासून आजपर्यंतचे सगळे वारस कागदावर मांडा. हद्दवाढ भागात सातबारा बघा. बिनशेती झालीय का, "भोगवटादार वर्ग 2" असं लिहिलंय का, इनामाची किंवा देवस्थानाची नोंद आहे का. वर्ग 2, इनाम किंवा देवस्थान यातलं काही दिसलं तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही.

आता माझी गोष्ट. 2011 साली बाळीवेशीजवळ पाच खणांचं घर सहा लाखांना घेतलं. विकणारे तीन भाऊ, तिघांच्या सह्या झाल्या. मी विचारलं होतं, "बहीण वगैरे?" थोरले म्हणाले, "एक हाय सिकंदराबादला. तिचं लग्नातच सगळं देऊन टाकलंय." वकील एजंटानंच दिलेला. तो म्हणाला, पेपरात जाहीर नोटीस देऊ, पंधरा दिवसांत कुणी आलं नाही की झालं. सोलापूरच्या पेपरातली दोन इंचाची मराठी नोटीस सिकंदराबादला कोण वाचणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. दोन वर्षांनी बहिणीच्या मुलाकडून नोटीस आली, मग दावा. घर ना विकता येईना, ना त्यावर खर्च करायचं धाडस होईना. चार वर्षांनी तडजोड झाली, नव्वद हजार आणि वकिलांची फी. ताई शेवटी सही करायला स्वतः आल्या. रजिस्टर ऑफिसच्या बाकावर बसून मला म्हणाल्या, "तेव्हाच एक फोन केला असता तर मी पंचवीस हजारात सही दिली असती रे बाबा."

तर कायदा असा आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीनं वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीनं तिला जन्मतः हक्क मिळाला, आणि 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. "लग्नात दिलंय" याला कागदाशिवाय किंमत शून्य. मुस्लिम कुटुंबात वाटे वेगळ्या हिशेबानं पडतात, पण मुलीचा वाटा तिथंही असतोच. त्यामुळे एक तर सगळ्या बहिणी खरेदीखतावर सही करणार, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र होणार. तिसरा रस्ता नाही. सोलापुरातल्या बऱ्याच तेलुगू कुटुंबांच्या लेकी हैदराबाद, भिवंडी, मुंबईला दिलेल्या असतात. त्यांच्या येण्याजाण्याचं भाडं तुम्ही दिलंत तरी ते सगळ्यात स्वस्त पडतं.

मागच्या तीस वर्षांतल्या दस्तांचा शोध घ्या. अलीकडचे दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सापडतात, जुने दुय्यम निबंधक कार्यालयाच्या वह्यांत शोधावे लागतात. त्यासाठी वकील तुमचा हवा, एजंटाचा नको. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला सांगणारं कुणी नव्हतं.

नोटरीच्या कागदाबद्दल थोडक्यात: शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हा नियम 1908 च्या कायद्यातला आहे. नुसतं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) घेऊन मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगून टाकलंय. गुंठेवारीचं, म्हणजे शेताच्या अशा विकलेल्या तुकड्यावरचं घर असेल तर ते नियमित झालंय का ते विचारा. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली आहे. "अर्ज केलाय, होऊन जाईल" हे उत्तर नाही. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात, तेवढं उत्तर.

आणखी एक जागा नवखे विसरतात. नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. तीनशे चौरस फुटांच्या घरातून रस्तारुंदीची रेषा गेली असेल तर पाडून बांधताना हातात जिन्याएवढी जागा राहते. भुईकोट किल्ल्याच्या आसपास घर असेल तर वेगळंच प्रकरण. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं आणखी 200 मीटरपर्यंत परवानगी घेऊनच. दुरुस्तीलाही परवानगी लागते. तिथलं घर स्वस्त का, याचं उत्तर खिडकीतूनच दिसतं.

एक युक्ती सांगतो. कर्जाची गरज नसली तरी बँकेत गृहकर्जाचा अर्ज करून बघा. थोडी प्रक्रिया फी जाते, पण बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा माणूस बँकेच्या पैशाच्या भीतीनं कागद वाचतात. त्यांनी नाकारलं तर का नाकारलं ते विचारून घ्या. पुढं तुम्ही विकाल तेव्हा तुमचा गिऱ्हाईकही त्याच बँकेत जाणार आहे.

चौथं पाऊल: आत कोण राहतं?

पेठेत अनेक घरांत जुने भाडेकरू आहेत, महिना साठ-सत्तर रुपयांवर. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं त्यांना संरक्षण आहे, आणि भाडेकरू गेला तरी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना ते पुढं मिळतं. भाडं वाढवायचं तर वर्षाला चार टक्के. साठ रुपयांचे चार टक्के किती ते तुम्हीच काढा. "तुम्ही घ्या, मी काढून देतो त्यांना" असं म्हणणाऱ्या मालकानं वीस वर्षांत त्यांना काढलेलं नाही, मग तुमच्यासाठी कसं काढणार? अशा घराची किंमत निम्मी असते, ती बरोबरच असते. मी माणूस आत असलेलं घर घेत नाही. म्हातारीला घराबाहेर काढण्यात माझी उरलेली वर्षं घालवायची नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण कोर्टाची तारीख.

महापालिकेनं इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस दिलीय का, तेही झोन कार्यालयात विचारा. पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांना अशा नोटिसा निघतात. नोटीस असलेलं घर घेतलंत की पाडण्याची आणि काही झालं तर त्याची जबाबदारी तुमची.

पाचवं पाऊल: पाटी-पेन्सिल घ्या

आकडे समजुतीसाठी घेतलेत, पद्धत खरी आहे. समजा घर आठ लाखांना ठरलं, आणि रेडीरेकनरप्रमाणे सरकारी मूल्य दहा लाख निघालं. स्वस्त शहरात ही उलटी गंमत नेहमी होते, बाजार खाली आणि सरकारी दर वर. मुद्रांक शुल्क दोन्हींतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. महापालिका हद्दीत मुद्रांक सहा टक्के आणि नोंदणी एक टक्का (कमाल 30,000), म्हणजे दहा लाखांवर 70,000. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. वकील आणि शोध 15,000. एजंटाचे दोन टक्के 16,000. वायरिंग, संडास, हौद, वरची गळती मिळून कमीत कमी दीड लाख. बेरीज 10,51,000.

याच्या पुढचा दणका कुणी सांगत नाही. सरकारी मूल्य आणि तुमची किंमत यांतला फरक पन्नास हजार आणि किमतीचे दहा टक्के या दोन्हींतल्या मोठ्या आकड्याच्या पुढं गेला, तर सगळा फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. इथं फरक दोन लाख, मर्यादा ऐंशी हजार. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह 41,600 रुपये. एकूण 10,92,600.

भाडं समजा महिना 3,500. वर्षात एक महिना रिकामा धरायचाच, म्हणून 38,500. घरपट्टी चार हजार, किरकोळ दुरुस्ती सहा हजार. उरले 28,500. म्हणजे 2.6 टक्के. पोस्टाचं साधं बचत खातं चार टक्के देतं, आणि तिथं गळती लागत नाही.

यातून वाट आहे का? थोडी आहे. सरकारी मूल्य काढताना बांधकामाच्या वयाचा घसारा धरतात, आणि दगडमाती, पत्रा, आरसीसी यांचे दर वेगळे असतात. मूल्य काढणाऱ्या ऑपरेटरनं सरसकट आरसीसी नवं टाकलं तर आकडा फुगतो. घरपट्टीच्या कर आकारणी उताऱ्यावर बांधकामाचं वर्ष आणि प्रकार असतो, तो घेऊन मूल्यांकन नीट करून घ्या. फरक तरीही मोठा राहिला तर व्यवहाराआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं अभिनिर्णयाचा, म्हणजे मूल्य ठरवून देण्याचा अर्ज करता येतो. वेळ जातो, पण पुष्कळदा वाचवलेल्या पैशात संडास बांधून होतो.

एजंट मग भाड्यावरून किंमतवाढीवर येतो. "वंदे भारत आली, विमान सुरू झालं, सुरत-चेन्नई महामार्ग जातोय, आयटी पार्क येणार. बघा की ओ मालक, पाच वर्षांत दुप्पट!" मुंबईची वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 पासून धावते, विमानसेवा 2025 मध्ये परत सुरू झाली, हे खरं. पण गाडी सकाळी निघते ती इथून पोरांना घेऊनच, हा माझा कुजकट अनुभव. महामार्गानं कडेच्या जमिनीला भाव येईल. त्यानं शुक्रवार पेठेतल्या बोळातलं माळवद दुप्पट होत नाही. विकायला काढलेली घरं माझ्या गल्लीतच तीन-तीन वर्षं पडून आहेत. स्वस्तात घेता येतं तिथं विकताना तुम्हालाही स्वस्तातच विकावं लागतं.

मग कुठलं घर घ्यावं? मला विचाराल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या चालत जाण्याच्या टप्प्यात, किंवा चिंचोळी एमआयडीसी आणि केगावच्या विद्यापीठाला एका रिक्षात जाता येईल अशा बाजूला, स्लॅबचं, बांधकाम परवाना असलेलं छोटं घर. नर्स, शिकाऊ डॉक्टर, कारखान्यातला सुपरवायझर, विद्यार्थी अशी चार प्रकारची गिऱ्हाइकं तिथं असतात. किंमत जास्त पडते. रिकामे महिने कमी पडतात.

सहावं पाऊल: इसार ते खरेदीखत

तोंडी ठरल्यावर लगेच इसार, म्हणजे आगाऊ रक्कम मागतात. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख देऊ-घेऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात ते बेकायदा आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. चेक किंवा खात्यावरून द्या. इसार पावतीवर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, फक्त थोरल्याची नको. जो वारस इसार पावतीवर सही करायला टाळाटाळ करतो, तो खरेदीखताला येत नाही.

घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी किती, ते महापालिकेतून लेखी घ्या. थकीत घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते आणि तो बोजा मिळकतीवर असतो, म्हणजे तुमच्यासोबत येतो. महावितरणचंही तसंच. मागाचं घर असेल तर यंत्रमागाचा मीटर, त्याची थकबाकी आणि घरगुती मीटर करून घ्यायचा खर्च वेगळा विचारा. सगळी थकबाकी किमतीतून वजा करून उरलेले द्या. "भरून टाकतो नंतर" हे वाक्य रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्यांवर विरतं.

दस्ताच्या दिवशी ताबा, किल्ल्या, मूळ जुनी खरेदीखतं आणि वारसांचे आधार-पॅन एकाच वेळी. रिकामं घर स्वतः डोळ्यांनी बघून मगच अंगठा. चतुःसीमा वाचून दाखवायला सांगा; पूर्वेला ज्याचं नाव लिहिलंय तो शेजारी वारून वीस वर्षं झालेली असतात, ते दुरुस्त करून घ्या.

सातवं पाऊल: घर आपलं झाल्यावर

नोंदणी झाली म्हणजे सगळीकडं नाव लागलं असं नाही. प्रॉपर्टी कार्डावरचा फेरफार, घरपट्टीचं हस्तांतरण, नळ आणि लाईट अशा चार ठिकाणी चार अर्ज. पुण्याहून हे होत नाही, चार-पाच दिवसांची रजा टाका.

भाडेकरू ओळखीचा असला तरी अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा. लेखी, नोंदणीकृत करार करणं ही जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. कागद नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं. पत्र्याचं घर असेल तर एप्रिल-मे मध्ये भाडेकरू सोडून जातात. सोलापूरचा पारा चव्वेचाळीसला जातो तेव्हा पत्र्याखाली कोण थांबेल? आधी फॉल्स सीलिंग किंवा वर पांढरा रंग, मग भाडेकरू.

पहिल्या पावसात स्वतः या आणि एक रात्र त्या घरात झोपा. आणि एक किल्ली समोरच्या अक्कांकडं ठेवा. पाण्याचा दिवस कुठला, ते त्यांनाच ठाऊक असतं.